चालू म्हणजे पुरे

बागेच्या फाटकातून आत आलं की अक्का आधी पायातल्या चपला काढून हातात घ्यायच्या, पदर कमरेला खोचायच्या, हिरवळीवर दोन पावलं टाकायच्या आणि मागे वळून आम्हाला बजावायच्या, "आता इथं कोणी नंबर मागायचा नाही."

हे वाक्य कळायला आम्ही कोण ते आधी सांगायला हवं. सत्तर साल उलटून थोडाच काळ झाला होता. आम्ही पाच-सहा मुली सोलापूरच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होतो. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि तारेच्या पलीकडून दिवसभर माणसं नंबर मागतायत. इकडची कॉर्ड तिकडच्या भोकात घालायची, दोघांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे आमचं काम. अक्का आमच्या सुपरवायझर. ऑफिसात त्यांना मॅडम म्हणायचं, बाहेर पडलं की अक्का.

तेव्हा बागेत नंबर मागायचा नाही, म्हणजे ऑफिसचं नाव काढायचं नाही. पण अक्कांनी या नियमाची व्याप्ती हळूहळू वाढवत नेली होती. हिचं लग्न कुठवर आलं, तिचा भाऊ पुन्हा का नापास झाला, हिच्या वहिनीला दिवस गेलेत का, हे सगळे त्यांच्या हिशेबी नंबरच. कोणी "काय गं, परवा तुला बघायला आले होते ना" असं सुरू केलं की अक्का न बघताच म्हणायच्या, "नंबर मागू नकोस." मग आम्हाला बोलायला उरायचं काय? तर झाडं, सिनेमा, भेळेतला कांदा आणि आम्ही स्वतः. एवढ्यावर तीन तास कसे जायचे हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या काळात रविवारी दुपार कलल्यावर तुम्ही किल्ल्याच्या बागेत येत असाल, तर आम्ही तुम्हाला नक्की दिसलो असू. तटाच्या सावलीत एक जाड सोलापुरी चादर, तिच्यावर सगळ्या मुली, आणि चादरीच्या बाहेर, मुद्दाम गवतावर, पाय पसरून बसलेली एक उंच, सावळी बाई. खळ घातलेली साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. ती मोठ्याने हसली की बाकावरची पेन्शनर मंडळी वर्तमानपत्र खाली करून बघायची. त्याच आमच्या अक्का. कधी मन झालं तर कंबर तलावाकडे कमळं बघायला जायचो, पण मुक्काम किल्ल्याच्या बागेतच.

ऑफिसात मात्र अक्का वेगळ्या. आवाज थंड, शब्द मोजके. ट्रंक कॉल म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायची गोष्ट, अशी तेव्हा गावाची समजूत होती. एक सूतवाले शेठ मुंबईशी बोलताना इतके ओरडायचे की शेजारच्या बोर्डावरची मुलगी दचकायची. एकदा अक्कांनी मधेच त्यांना विचारलं, "शेठ, इतकं ऐकू जातंय तर तारेचे पैसे कशाला भरता?" त्यानंतर ते इतकं हळू बोलायला लागले की मुंबईवाल्यांची तक्रार आली.

अक्का शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या. घरी पिढ्यान्‌पिढ्या माग. घरातली भाषा तेलुगू, पण मराठी अशी बोलायच्या की फोनवरून कोणाला शंका येऊ नये. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची हिंमत नव्हती, आणि बागेत तर तो नंबरच झाला असता.

तरुण मुलींनी मिळून बागेत जायचं आणि गवतावर बसून खायचं, हे तेव्हा आमच्या घरांना पचणारं नव्हतं. ते पचवलं अक्कांनी. त्या रविवारी छत्री घेऊन निघायच्या आणि दारोदार जाऊन एकेकीला गोळा करायच्या. कोणाचे वडील आढेवेढे घ्यायला लागले की त्या उलट विचारायच्या, घरात दिवा कधी लावता? ते सांगायचे, सातला. "मग दिवा तुमची पोरगीच लावेल," एवढं बोलून अक्का उभ्याच राहायच्या. आणि दिवा खरंच पोरगी लावायची. अक्कांचा शब्द गेला असं एकदाही झालं नाही, आणि त्या शब्दावरच आमचे रविवार उभे होते.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस मी विसरणार नाही. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, नव्या पेठेत साड्यांचं दुकान. माणूस प्रेमळ, पण लोक काय म्हणतील या एका प्रश्नाने कायम हैराण. बागेत काय ठेवलंय, असं ते म्हणायला लागले, तेवढ्यात आईने पाहुण्या बाईंसमोर ताट मांडलं. शेंगाची पोळी, वर तूप. अक्कांनी एक खाल्ली. आई दुसरी वाढायला आली तेव्हा त्या म्हणाल्या, "चालू, चालू."

आईला काय, चालू म्हटल्यावर तिने चालू ठेवलं. दुसरी झाली, तिसरी झाली. अक्का ताटावर हात धरून काकुळतीला येऊन चालू म्हणतायत आणि आई खूश होऊन वाढतेय, असा प्रकार. चौथ्या पोळीला अक्कांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा अप्पांनी विचारलं, बाई, काय होतंय? अक्का म्हणाल्या, "आमच्या तेलुगूत चालू म्हणजे पुरे. एरवी मराठीच बोलते हो, पण ताट समोर आलं की घरचं तोंडात येतं."

अप्पा इतके हसले की आमच्या घरात ते तसे हसल्याचं मला आठवत नाही. चार पोळ्या खाऊ घातलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून परवानगीही मिळाली. वर तो शब्द अप्पांनी उचलला तो कायमचा. जेवताना आईला "चालू" म्हणायचे. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने तास तासभर साड्या उघडायला लावल्या की नोकराकडे बघून हळूच "चालू" म्हणायचे, म्हणजे बास, आता घड्या घाल. त्यांना आपल्याला तेलुगू येतं असं वाटायला लागलं होतं.

बागेतल्या अक्कांचे उद्योग किती सांगू. बागेत मुलांसाठी झोके होते. माळी मोठ्यांना बसू द्यायचा नाही. अक्का चाळिशीच्या बाई, तरी झोका रिकामा दिसला की त्यांचा पाय तिकडे वळायचाच. माळ्याने हटकलं, की हे लहान पोरांसाठी हाय बाई. अक्कांनी आमच्याकडे बोट दाखवलं, "ही सगळी माझी पोरं. यांच्यासाठी झोका मजबूत आहे का, ते आधी बघायला नको?" आणि बसल्याच. तपासणी चांगली अर्धा तास चालली.

एकदा कॉलेजातला एक मुलगा चादरीभोवती घिरट्या घालत शिट्टी वाजवत होता. अक्कांनी त्याला बोलावलं. "काय बघूलालास रे? कुणाचा तू?" त्याने ऐटीत वडिलांचं नाव सांगितलं, मोठे व्यापारी होते. अक्कांनी त्यांच्या पेढीचा नंबर खाडकन सांगितला, मग घरचाही सांगितला, आणि विचारलं, कुठला लावू? तो मुलगा फाटकापर्यंत चालत गेला नाही, धावत गेला. आम्ही म्हटलं, अक्का, तुम्हीच नियम मोडला. तर म्हणाल्या, "मी कुठं मागितला? मी दिला."

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टींचं काय मोठंसं. पण आठवडाभर घरी मी अप्पांची मुलगी, ऑफिसात बोर्डावरची ऑपरेटर. रविवारचे ते तीन तास मी नुसती मी असायचे. ते गेले असते तर माझं काय उरलं असतं, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं.

आणि ते जाण्याची वेळ आलीच. मला स्थळ आलं. मुलगा शहरातल्या हायस्कुलात मास्तर. वडील नव्हते. शेती मंद्रूपला, ती थोरला भाऊ बघायचा. आई या धाकट्यासोबत सोलापुरात दोन खोल्यांत राहायची. सगळं जमत होतं, पण त्यांच्या कोणा नातेवाइकाने मला बागेत भेळ खाताना पाहिलं होतं, तेही हसताना. त्यावरून मुलाच्या आईने मध्यस्थाकडे विचारणा केली होती, की पोरगी बागेत जाते हे खरं का?

अप्पा हादरले. बघायला येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं. मी आतल्या खोलीत होते. अप्पा म्हणाले, स्थळ चांगलं हाय, हातचं जायला नको. बागेचं तुमीच काढलंत, तर तुमीच त्यांना सांगा की ते आता बंद. नोकरीतल्या वरच्या बाईने सांगितलं म्हणजे त्यांचाही विश्वास बसेल. मला वाटलं, अक्का काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मी येते. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मला बघून झालं, मी आत जाऊन दाराआड उभी राहिले. बाहेर उप्पीट चाललं होतं. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि सरळ अक्कांना विचारलं, "बाई, पोरगी ऐतवारी बागंत जाती म्हनं. लगीन झाल्यावर त्येचं कसं?"

नेमकी त्याच वेळी माझी आई उप्पिटाचं पातेलं घेऊन अक्कांपुढे वाकली होती. अक्कांनी एक हात बशीवर आडवा धरला, मुलाच्या आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चालू."

आईच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला. अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मान डोलावली. मुलाच्या आईनेही मान डोलावली आणि "मग बरं हाय की" म्हणाल्या. सुपारी फुटायला उशीर लागला नाही. दाराआड मी तोंडात पदर कोंबून रडत होते. आमच्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ होता, पुरे. माझे रविवार अक्कांनी एका शब्दात संपवले होते, तेही उप्पीट खाता खाता.

लग्नापर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. "हो मॅडम", "नाही मॅडम" एवढंच. बागेतही गेले नाही. एकदा चहाच्या सुट्टीत त्यांनी पेरू कापून अर्धा माझ्यापुढे धरला. मी तोंड फिरवलं. त्यांनी तो शांतपणे स्वतःच खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड होता." मला इतका राग आला होता की काय सांगू.

लग्न झालं. नव्या घरातला पहिला रविवार. मी दुपारी भांडी घासून ओट्याशी उगीचच उभी होते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. अंगावर धुतलेलं लुगडं, हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. म्हणाल्या, "आवर की. ऐतवार हाय न्हवं?"

मी विचारलं, कुठे जायचंय?

"बागंत. तुज्या बाईनंच सांगितलं की, चालू हाय म्हनून. म्या जलमभर रानात हिंडल्याली, हितं दोन खोल्यांत जीव कोंडलाय माजा. सून बागंत जानारी हाय म्हनून तर ही सोयरीक मला लई पसंत पडली."

मी खाली बसले. हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी दाराआडून मी सासूबाईंचा प्रश्न ऐकला होता, पण तो त्यांनी आशेने विचारला होता हे मला ऐकूच आलं नव्हतं. एका शब्दात अक्कांनी अप्पांना बाग बंद करून दिली होती, सासूबाईंना उघडून दिली होती आणि आईला उप्पीट वाढण्यापासून थांबवलं होतं.

बागेत पोचलो तर अक्का नेहमीच्या जागी गवतावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत की आश्चर्य दाखवलं नाही. उशीर केलात म्हणाल्या, आणि सासूबाईंना चादरीवर जागा करून दिली. सासूबाई चादरीवर बसल्या नाहीत. त्यांनीही गवतच पसंत केलं. त्या दोघींचं जे जमलं ते असं, की आम्ही मुली बाजूलाच पडलो.

पण गोष्ट एवढ्यावर भागणार नव्हती, हे अक्कांना ठाऊक होतं. पुढे दोन-तीन महिन्यांनी अप्पा सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परत निघाले होते. वाटेत बागेच्या कठड्यातून त्यांनी सहज आत बघितलं, तर त्यांच्या विहीणबाई झोक्यावर. मागून झोका देतायत अक्का. आणि शेजारी, जिची बाग लग्नाआधीच बंद झाली होती ती त्यांची मुलगी, तोंडात बोकणा भरून टाळ्या वाजवतेय.

अप्पा आत आले. त्यांना येताना बघून माझ्या पोटात गोळा आला. पेठेतल्या निम्म्या बापांशी त्यांची ऊठबस होती. या बाईने मला फसवलं, एवढं त्यांनी दुकानात बसून म्हटलं असतं, तर अक्कांचा शब्द गावात कोणी घेतला नसता, आणि पुढच्या रविवारपासून एकाही मुलीला घराबाहेर पाठवलं गेलं नसतं. अक्कांनी झोका धरून थांबवला.

"बाई," अप्पा म्हणाले, "त्या दिवशी तुमी चालू म्हणाला होता."

"चालूच म्हणाले की, अप्पा."

"व्हय व्हय," सासूबाई झोक्यावरूनच म्हणाल्या, "म्या सोता ऐकलं."

विहीणबाईंसमोर आवाज चढवणं अप्पांना या जन्मात शक्य नव्हतं. आणि चढवून म्हणणार तरी काय? तुमच्या सुनेची बाग आम्ही बंद करणार होतो, असं? सासूबाईंनी त्यांना बसा की व्याही, उभे का, म्हणून आग्रह केला. अप्पा बसले. त्यांच्या हातावर भाकरी आणि चटणी आली. बाहेर, उघड्यावर, गवतावर बसून अप्पा खातायत, हे मी पहिल्यांदाच बघत होते. सासूबाई आणखी वाढायला लागल्या तेव्हा त्यांनी हात आडवा धरला, "चा" म्हणाले आणि थांबले. अक्कांकडे बघितलं. मग स्वच्छ मराठीत म्हणाले, "पुरे."

पहिल्यांदा हसू फुटलं ते अप्पांनाच. त्या दिवसाबद्दल त्यांनी दुकानात किंवा घरात कधी अवाक्षर काढलं नाही.

परत जाताना मी अक्कांच्या बरोबरीने चालत होते. विचारलं, खरं सांगा, तुम्ही तेव्हा तेलुगूत बोललात की मराठीत?

"आपलं काम लाईन जोडायचं," अक्का म्हणाल्या. "पलीकडे कोण काय ऐकतं ते आपण ऐकत बसायचं नसतं."

मग मला आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी भांडले. त्या म्हणाल्या, तुझ्या पोटात राहिलं असतं होय? हळद लावतानाच हसली असतीस. ते मात्र खरं होतं. थोडं पुढे गेल्यावर त्या आपणहूनच बोलल्या. "मलाही एकदा विचारलं होतं गं. लग्नानंतर नोकरीचं कसं, म्हणून. मी सरळ सोडणार नाही म्हणाले. नाहीला सगळ्या भाषांत एकच अर्थ असतो." एवढं बोलून त्यांनी छत्री उघडली. ऊन कधीच उतरलं होतं.

त्यांचा हात धरावा असं मला वाटलं आणि मी धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

पुढे अक्कांना बढती मिळाली आणि पुण्याला बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी आम्हाला रडू दिलं नाही, पण स्वतः गाडी हलेपर्यंत दुसऱ्याच बाजूला बघत होत्या. नंतर त्या तिकडच्याच झाल्या.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बागेत जुन्यांपैकी आम्ही तिघीच होतो. दोन नव्या मुली ऑफिसात लागल्या होत्या. त्यांच्या घरून निरोप आला, की त्या बाई आता नाहीत, मग बरोबर मोठं माणूस कोण? सासूबाई सुगीसाठी मंद्रूपला गेलेल्या. आम्ही चादर पसरली, भेळ घेतली, पण ती काही केल्या सरेना. आता हे असंच विरून जाणार, असं मी मनाशी धरून चालले.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र त्या दोघीही आल्या. कशा आल्या, हे विचारेपर्यंत फाटकातून अप्पा आत येताना दिसले. दोघींच्या वडिलांना त्यांनी दुकानातून सांगून पाठवलं होतं, मी असतो बागेत. अप्पा आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आमच्यापासून जरा लांब, गवतावर बसले. मी म्हटलं, अप्पा, इकडे या की चादरीवर.

"नको. तुमी बोला," ते म्हणाले. "मी नुसता बसलोय."

आणि आमचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून ते आमच्याकडे पाठ करून, फाटकाकडे तोंड करून, दिवेलागणीपर्यंत तसेच बसून राहिले.